पाण्याला दिलेलं नाव

लग्नात माझं नाव बदललं. ताटातल्या तांदळांत सर्वेशने अंगठीने 'मानसी' लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि जन्मापासून तेजल असलेली मी एका पेढ्यात दुसरीच कुणी झाले. नाव छान आहे, असं मी म्हटलंही. नवी सून आणखी काय म्हणणार?

ते तांदूळ सासूबाईंनी लाल फडक्यात बांधून ठेवले होते. एका रविवारी, जेवणं उरकल्यावर, त्यांनी ती पुरचुंडी आणि वाळलेल्या मुंडावळ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या.

"मनोरीक जावा आणि समुद्रात सोडून येवा. तांदूळ सोडताना माहेरचा नाव मोठ्यान घी, थयच ठेव. मगे मागे वळान बघू नको."

"माहेरचं नाव कशाला, आई?"

"पाण्याक काय तरी देवचा लागता गो."

मुंबईत चारकोपच्या सेक्टरात इतकी वर्षं काढूनही त्यांची मालवणी गेली नव्हती. देवाधर्मात आणि रागात तर ती जास्तच यायची. त्यातलं हे कोणतं, ते मला कळलं नाही. मी गप्प बसले. माझं गप्प बसणं लग्न ठरवताना सगळ्यांना फार आवडलं होतं.

मार्व्याच्या धक्क्यावरून आम्ही स्कूटरसकट बोटीत चढलो. खाडी ओलांडली की मुंबई मागे पडते. अरुंद रस्ता, वळणावर एक क्रूस, अंगणात वाळत टाकलेली जाळी, आणि सुरूंच्या पलीकडे तो किनारा. ओहोटी लागली होती. रविवार असून फिरायला आलेलं चिटपाखरू नव्हतं. वाळू इतकी सपाट, की कुणीतरी नुकतीच हाताने सारवून गेलंय असं वाटावं. खारट, कुजकट वास हवेत नुसता उभा होता. लाटांचा आवाज लांबून येत होता, बंद दाराआड बायका बोलत असाव्यात तसा. बोलणं चालू, शब्द कळत नाहीत.

सर्वेश सुरूखाली बसला. समुद्राकडे पाठ करून.

"तू ये जाऊन. मला ऑफिसचे मेल बघायचेत."

मी माझा फोन पाहिला. रेंज नव्हती.

वाटेत बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. त्याच्या सावलीत एक म्हातारी कोळीण टोपली घेऊन बसली होती. अंजनाबाई तिचं नाव, हे तिनेच सांगितलं. माझा हिरवा चुडा तिने बघून घेतला.

"नवी नवरी काय गो? कुठची?"

"चारकोपची."

"आन नाव?"

"मानसी."

तिच्या हातातला बोंबील हातातच राहिला. मान वळवून तिने सुरूंकडे पाहिलं. "त्या पोराची काय तू?"

"हो."

"मागली पन मानसीच व्हती..." ती हळू बोलली. "असाच चुडा. त्या तिथं पान्यान गेली. आमचे लोकांनी होड्या घातल्या, पन नाय गावली."

"बुडाली... की...?"

"पान्याला म्हाईत, बाय."

मी तशीच परत फिरले. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, एकटे असलो की नाव घेते. तेव्हा दोन्ही सुचेना.

"आधीचं लग्न झालं होतं तुझं?"

त्याने फोनवरून मान वर केली नाही. "तुझ्या बाबांना सांगितलं होतं आम्ही. तुझ्या मामालाही. लपवलं नाही काही."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बैठकीत चहा नेऊन ठेवला तेव्हा ते सगळे एकदम का गप्प झाले होते, ते आता कळलं. मला वाटलं होतं, चहा आवडला.

"आणि नाव तेच का?"

"आईला कुणीतरी सांगितलं. नाव तेच ठेवा, जागा भरलेली दिसली की ती... घर शोधत येत नाही. जाऊ दे ना यार. आटप लवकर."

माझे आजेसासरे गिरणीत बदली कामगार होते. कुणी आला नाही की त्याच्या जागी उभे राहायचे. घराला सवय असणार.

मी पाण्यात गेले. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. आधी मुंडावळ्या सोडल्या. फडक्याची गाठ सोडवली, तर तांदूळ पिवळे पडलेले. इथे तेजल ठेवून जायची. मग घरी जाईल ती कोण? मेलेल्या बाईच्या नावाला ओ देणारी, तिच्या कपाटात साड्या लावणारी. तांदूळ मुठीतून सुटले. सांगितलेलं ऐकायची सवय असलेल्या माझ्या तोंडून दुसरंच आलं.

"मानसी!"

घे बाई, तुझं तुला.

...आणि कुणीतरी ओ दिली.

दोन लाटांच्या मधल्या फटीत. अगदी जवळून. किंकाळी नाही, हुंदका नाही. नवऱ्याने हाक मारली की स्वयंपाकघरातून देतात तशी, घाईची, सवयीची ओ.

मी वळले आणि चालू लागले. मागे बघायचं नव्हतं, एवढं मात्र मी ऐकलं. माझ्या चालीबरोबर बांगड्या किणकिणत होत्या. मी ओढणीने दोन्ही मनगटं करकचून गुंडाळली. किणकिण चालूच राहिली... माझ्या पावलाच्या अर्धं पाऊल मागे.

मांडवाजवळून जाताना अंजनाबाईकडे पाहिलं. तिने टोपली उचलली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

खाडी ओलांडली. स्कूटर सुरू करताना सर्वेश म्हणाला, "मागे हवा कमी झालीय का गं? गाडी दबतेय." सीटवर मी पार त्याच्या पाठीला चिकटून बसले होते. माझ्या मागे जागा उरली होती.

घरी पोचलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. सर्वेश खाली गाडी लावत होता. सासूबाई उंबऱ्यात भाकरतुकडा घेऊनच उभ्या होत्या.

"घेतलास नाव?"

"घेतलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

त्यांनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. मग तो टाकायला निघालेला हात थांबला. त्या माझ्या शेजारी बघत होत्या. तिथे जिन्याची भिंत होती, नुसती. हात सावकाश तिकडे गेला आणि तिथेही ओवाळला. माझ्यावरून ओवाळला होता त्याहून वीतभर खाली. उंचीचा अंदाज घ्यावा लागला नाही त्यांना.

"येवा," त्या म्हणाल्या. मला एकटीला त्या कधीच 'येवा' म्हणत नाहीत.

आता मी त्या नावाला ओ देत नाही. ठरवूनच. सर्वेश सकाळी बाहेरच्या खोलीतून हाक मारतो, "मानसी, चहा." मी आत पलंगावर बसून असते, हात मांडीवर. स्वयंपाकघरात बांगड्या वाजतात. थोड्या वेळाने कप टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो.

परवा तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याच्या उरलेल्या चहाचा एक घोट घेऊन पाहिला. खारट होता, समुद्राच्या पाण्यासारखा.

तो रोज कप संपवतो. चहाबद्दल आजवर एका शब्दाने काही बोललेला नाही.