सत्तेचाळीस नंबरची काडी

एप्रिल उजाडला तरी अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका तळ्यावरचा बर्फ हलायला तयार नव्हता. द्राक्ष संशोधन केंद्राच्या फाटकाशी एक निळी गाडी चिखलात रुतली, आणि तिथली संशोधक मारित ट्रॅक्टर घेऊन धावली.

"जपून उतरा, नाहीतर बूट इथंच राहतील."

"राहू देत. न्यायला पुन्हा येईन," तो हसला. "मी एमेट. राज्याच्या कृषी खात्यातून... तुमच्या अनुदानाच्या पाहणीला."

कडाक्याच्या थंडीतही तगेल अशी वेल तिनं अकरा वर्षं खपून तयार केली होती. सत्तेचाळीस नंबर. पण जानेवारीत पारा उणे अडतीसवर उतरला, आणि तेव्हापासून काडीवरचा कोंब फुटायचा एकही डोळा कापून बघायचं धाडस तिला झालं नव्हतं. वेल मेली असली तर अनुदान बंद, आणि जूनमध्ये सगळी बाग उपटली जाणार होती.

शेडमध्ये त्यानं काडी धरली, तिनं ब्लेड चालवलं. आत हिरवं म्हणजे जिवंत, तपकिरी म्हणजे मेलेलं. पहिला डोळा तपकिरी. दुसरा... तोही.

"हात थरथरतोय तुमचा."

"थंडी आहे."

"स्टोव्ह तर पेटलाय."

तिनं मान वर केली. तो काडीकडे बघतच नव्हता.

दहापैकी आठ मुख्य डोळे गेले होते.

"शेडच्या आडोशाची काडी का नाही घेतलीत?" त्यानं हळूच विचारलं. "ती वाचली असेल."

"म्हणूनच नाही घेतली."

त्यानं 'आठ' लिहिलं. निघताना मात्र एक न कापलेली काडी मागून घेतली.

"पुरावा?" तिनं विचारलं.

"आठवण म्हणा."

पुढचे तीन आठवडे टपालगाडी दिसली की तिची छाती धडधडायची. निळी गाडी दिसली नाही की मन खट्टू व्हायचं. या दुसऱ्या गोष्टीची तिला जास्त भीती वाटायची. उद्या नकार आलाच, तर तो याच माणसाच्या हातून येणार होता.

एमेट आला. शेजारच्या सीटवर पट्टा बांधून बसवलेली काचेची बरणी, बरणीत ती काडी. मुख्य डोळे काळे पडलेले, पण त्यांना खेटून असलेले राखीव डोळे फुटले होते. एका कोंभावर मोहरीएवढ्या कळ्यांचा घड होता. म्हणजे वेल जिवंत होती.

त्यानं बरणी शेडमधल्या टेबलावर ठेवली. मारितनं विचारलं, "मग... अनुदान?"

"माहीत नाही. मी तुझी फाईल सोडली."

"आमच्या बाजूचा एकच माणूस होता, आणि तोही..."

"म्हणूनच सोडली. सकाळी उठून जो तुझ्या काडीला पाणी घालतो, आणि मग दिवसभर तुझाच विचार करतो... त्यानं गुण द्यायचे नसतात, मारित. सोमवारी दुसऱ्या बाई येतील. कडक आहेत. त्यांना सगळं दाखव, मेलेले डोळेसुद्धा."

"बरणी इथंच ठेवावी लागेल."

"ठेव. पण रोज सकाळी पाणी लागतं तिला."

"मला येतं पाणी घालता."

"ते माहीत आहे," तो म्हणाला. "तरी विचारतोय, मी येऊ का?"

तिला सोमवारची भीती वाटत होती, जूनची वाटत होती, आणि त्याच्या डोळ्यांत बघायचीही वाटत होती.

"ये," ती म्हणाली. "सोमवारनंतरही ये. निकाल काहीही लागला तरी."

तिनं बरणी खिडकीत ठेवायला उचलली. हात अजून थरथरत होता, म्हणून त्यानं खालून आधार दिला.