दुपारी ओट्यावर कोण बसतं

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती तर मी ती रात्रीची केली असती, अमावास्येची केली असती.

पण हे भर दुपारी घडलं. यंदाच्या मे महिन्यात, बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात. जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मोठी बहीण, रंजिता. तिने पाहिलं ते तिच्या तोंडून ऐकलंय. शेवटचं मात्र मी स्वतः ऐकलं.

आधी आईबद्दल सांगायला हवं.

बाबा गेल्यावर आमची आई एकटी फिरायला लागली. टूरवाल्यांबरोबर नाही, देवदर्शनाला नाही. पाठीवर सॅक, पायात निळे स्पोर्ट्स शूज, वय पासष्ट. नव्या गावात उतरली की ती हॉटेलं बघायची नाही, गल्ल्या बघायची. मुक्कामाची जागा भर दुपारी निवडायची, हा तिचा नियम.

"संध्याकाळी सगळ्याच गल्ल्या गोजिऱ्या दिसतात," ती म्हणायची. "दुपारी बायका ओट्यावर बसलेल्या दिसल्या, की समजायचं गल्ली त्यांची आहे. तिथेच खोली मागायची."

साताऱ्याच्या बाईचा नियम. वाईला चालला, भोरला चालला, पार कोकणातही चालला.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिचा फोन आला तेव्हा रंजिता ऑफिसात डबा खात होती. डब्यात भेंडी होती. तिला अजून आठवते.

"रंजू, मिळाली गं गल्ली! लोधीपुरा. काय ओटे आहेत, आणि प्रत्येक ओट्यावर बायका."

"आई, ऊन किती असेल तिथे! पाणी पितेस ना?"

"तू माझी आई होऊ नकोस. पितेय. या बायका जरा घुम्या आहेत बघ. खोली मिळेल का विचारलं, तर नुसत्या बघतात. पण सरकल्या हो. जागा केली मला."

"मग बस की जरा."

"बसतेच आहे. बूट काढते आधी... रंजू, एकदा तरी ये ना माझ्याबरोबर. ही बाई अजून सरकली. दोघींना पुरेल एवढी जागा आहे. येतेस ना?"

"बघते."

"तुझं बघते! लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा बघतेच म्हणाली होतीस."

दोघी हसल्या. रंजिताने डबा संपवला.

संध्याकाळी पोलिसांचा फोन आला.

एका बंद घराच्या ओट्यावर आई सापडली होती. बसलेली. पाठ भिंतीला, हात मांडीवर, निळे बूट शेजारी नीट ठेवलेले. लू लागली, म्हणजे उष्माघात, असं म्हणाले. त्या घराला कित्येक वर्षं कुलूप होतं.

"आणि त्या बायका?" रंजिताने विचारलं.

"कोई नहीं था, मॅडम."

आम्ही सगळे रडलो. रंजिता रडली नाही. तिच्या डोक्यात त्या बायका बसल्या होत्या. एक म्हातारी बाई आपल्या शेजारी उन्हात बसते, जीव सोडते, आणि एवढ्या जणींपैकी एकीलाही तांब्याभर पाणी आणावंसं वाटत नाही?

आईच्या तोंडून शेवटचा शब्द काय निघाला, हे त्यांनाच माहीत होतं. तेवढं तिला हवं होतं.

वर्षश्राद्धाच्या आधी ती बुऱ्हाणपूरला गेली. एकटी.

मुक्काम लोधीपुऱ्यातच करायचा होता, पण तिथे लॉज नव्हता. शनवारा भागातल्या लॉजवाल्याने विचारलं, "साथ में कौन है?" कोणी नाही म्हटल्यावर त्याने किल्ली परत खिळ्याला अडकवली. दुसऱ्याने न विचारताच मान हलवली. शेवटी कडू नावाच्या रिक्षावाल्याने सांगितलं, लोधीपुऱ्यात मथुराबाई खोली देते.

"पण ताई, तुम्ही अकेल्या. लालबागकडं राहा ना, स्टेशनजवळ. इकडं कशाला?"

"काम आहे."

"मी नाक्यावर थांबतो मग. गल्लीत नाही येत."

"का?"

"गाडी वळत नाही," तो म्हणाला. गल्ली चांगली रुंद होती.

दुपार झाली होती. दारं बंद, खिडक्या बंद, पडदे ओले. आत कूलर घरघरत होते आणि मागच्या गल्ल्यांतून पावरलूमची खटखट येत होती. सारखी. एका लयीत. बुऱ्हाणपुरात ती कधी थांबतच नाही, म्हणून कुणाला ऐकू येत नाही.

मथुराबाईने दार हातभर उघडलं. रंजिताचा चेहरा पाहिला आणि तेवढ्यावरच ठेवलं.

"तू त्या बाईची पोरगी."

"हो. मला खोली..."

"खोली खाली नाही. तुझ्या मायनं पोलीस आनले गल्लीत. आमच्या पोरायले दिवसभर थाण्यात बसवलं, म्हातारीचं काय केलं म्हनून. आता तू काय आनू राहिली?"

"मला फक्त त्या बायकांना भेटायचंय. आईजवळ बसल्या होत्या त्यांना."

"कोन्या बायका?"

"इथल्याच. ओट्यावर बसल्या होत्या. दुपारी."

मथुराबाई हसली. त्या हसण्यात माया नव्हती.

"दोपारी? मे महिन्यात? अवो शहाने, इथं दोपारी वट्ट्यावर पापड टाकला तर भाजून निघते. आमी बसतो दिवे लागल्यावर, बादलीभर पानी मारून. दोपारी वट्ट्यावर कोन बसतं?"

रंजिता उभी होती तशीच राहिली.

आईचा नियम... साताऱ्याचा नियम. या गावात दुपारी बाहेर बसलेली बाई दिसली, तर तिथून आधी पळायचं असतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आईला सांगायला कुणी नव्हतं.

"मग तिला कोण दिसलं?" रंजिताने विचारलं.

मथुराबाईची नजर रंजिताच्या खांद्यावरून गल्लीत गेली...

आणि तिथेच अडकली.

"मी दार उघडनार नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "कितीबी ठोकलं तरी नाही. सांगून ठेवते."

दार लागलं. आतून कडी. मग अडसर.

त्याच क्षणी खटखट थांबली.

लाईट गेली असेल, रंजिताला वाटलं. कूलरही बंद पडले होते. पण कुठे मूल रडेना, कुणी भांडं आपटेना, कबुतरांचं घुमणंसुद्धा बंद झालं. ती नाक्याकडे चालू लागली आणि तिच्या लक्षात आलं...

तिच्या चपलांचाही आवाज येत नव्हता.

तिने मान वर केली.

ओटे भरलेले होते.

दोन्ही बाजूंनी. दारादारात. बायका. डोक्यावर पदर, हात मांडीवर, पाठ भिंतीला. इतक्या उन्हात एकीच्याही कपाळावर घाम नव्हता. प्रत्येकीच्या शेजारी तिच्या चपला नीट काढून ठेवलेल्या.

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

नाक्यावर कडूची रिक्षा दिसत होती. तिथे जायला त्यांच्या मधूनच जावं लागणार होतं. रंजिता चालत राहिली. खाली बघत. एकेक जोड मागे टाकत. काळ्या चपला. प्लास्टिकच्या चपला. अंगठा तुटलेल्या चपला...

निळे स्पोर्ट्स शूज.

ते बूट आम्ही आईबरोबर सरणावर ठेवले होते.

रंजिताने वर पाहिलं. आई बसली होती. तोच फिकट चौकड्यांचा कुर्ता. ओळखीचं काहीच नव्हतं तिच्या नजरेत. दारात खोली मागायला आलेल्या परक्या बाईकडे बघावं, तशी ती आपल्या लेकीकडे बघत होती.

मग ओट्यावरच्या सगळ्या बायका एकदम सरकल्या. एक वीतभर.

आईने शेजारच्या दगडावर हात आपटला.

थाप... थाप.

"रंजू. दोघींना पुरेल एवढी जागा आहे. येतेस ना?"

आवाज आईचाच होता. अगदी तसाच, फोनवर होता तसा.

रंजिताने खाली पाहिलं. तिची एक चप्पल पायातून निघालेली होती. नीट बाजूला ठेवलेली. ती तिने काढली नव्हती.

ओरडायचं होतं. पळायचं होतं. पण आईने काही विचारलं की तोंडातून जे निघायची जन्माची सवय होती, तेच निघालं.

"बघते, आई."

सगळ्या बायकांनी मान डोलावली. ठरलं, अशी.

खटखट सुरू झाली. कूलर घरघरले. ओटे रिकामे होते, पांढरेफटक, तापलेले.

नाक्यापर्यंत ती कशी पोचली, तिला सांगता येत नाही. कडूने तिच्या अनवाणी पायाकडे पाहिलं.

"चप्पल राहिली का ताई?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"राहू द्या. बसा लवकर. मागं नका पाहू."

स्टेशनवर पाण्याची बाटली धरताना ती कळवळली. उजव्या तळहातावर फोड आले होते. तापल्या दगडावर हात टेकल्यासारखे. तिने कुठेही हात टेकला नव्हता, यावर ती आजही ठाम आहे.

मला हे सगळं तिने जूनमध्ये सांगितलं. मी तिला डॉक्टरकडे नेलं. दुःखाने असं होतं, हे मी वाचलेलं होतं, आणि मला ते पटलेलंही होतं.

ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे राहायला गेले. साताऱ्यात पाऊस लागून होता, कपडे वाळत नव्हते. रंजिताचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. दाराबाहेरच्या जिन्यावर ऊन बाराही महिने येत नाही.

"दुपारी बाहेरच्या पायरीला हात लावून बघ," ती म्हणाली.

मी लावला. आणि चटकन मागे घेतला.

"जूनमध्ये खालच्या मजल्यावरची तापायची," ती म्हणाली. "आता ही."

आम्ही दार लावून घेतलं. दोघीही जेवलो नाही. बाहेर पाऊस होता. मग पावसाचा आवाज बंद झाला. खिडकीतून तो पडताना दिसत होता... पण आवाज नव्हता.

दाराच्या पलीकडून आलं.

थाप... थाप.

"रंजू."

मी ऐकलं. कुणी काही म्हणो, मला माझ्या आईचा आवाज कळतो. वर्षभर मी त्या आवाजासाठी जीव टाकत होते, आणि तो आला तेव्हा मी सोफ्याची कड घट्ट धरून बसले.

"येतेस ना गं?"

रंजिता उठली. दारापाशी गेली. कडीला तिने हात लावला नाही. फोडांचे डाग असलेला तो तळहात तिने दारावर टेकवला. तिचे ओठ 'ब' म्हणायला मिटले. ते मला इकडून दिसले.

त्यानंतर काय झालं, पायरी गार पडली का, ते मला विचारू नका. मी तिथून परत आले आहे. हल्ली दुपारी माझ्या घरच्या उंबऱ्याला मी हात लावत नाही.

रंजिताने ओठ उघडले. चाळीस वर्षांत आईला जे एकदाही म्हटलं नव्हतं, ते ती मोठ्याने म्हणाली.

"नाही, आई. मी येणार नाही."