खुंट्या काढल्यावर

"कान गेला माझा," दादा म्हणाला, तेव्हा मला हसूच आलं. त्याच्या कानाने आम्ही सगळे बेजार होतो. शेजारच्या दाराची बेल जरा बेसूर झाली, तरी याला जेवण गोड लागत नसे. पण या वेळी गिटार कितीही सुरात लावली तरी त्याला बेसूर वाटत होती, म्हणून तो ती विकायला निघाला होता. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार होतं.

"पंपवाली, तू यात काय करणार?" मी पंपांचे व्हॉल्व्ह डिझाइन करते, त्यावरून तो मला चिडवतो. माझ्या मते दोष खुंट्यांचा होता. ही गिटार टेबलासारखी आडवी असते. पेडल दाबलं की खालच्या सळ्या ठरावीक तारा ताणतात. पण पेडल सोडल्यावर खुंटीवर गुंडाळलेली तार नेमकी जागेवर परत येत नाही. म्हणून मी खुंट्या काढूनच टाकल्या. प्रत्येक तारेचं टोक पोलादी ठोकळ्यात पकडलं आणि त्यामागे बारीक आट्यांचा स्क्रू बसवला. तो फक्त ॲलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, फिरतो.

दुपारी वर्कशॉपमध्ये चाचणी घेतली. आधी नुसत्या तारा तपासायच्या म्हणून पेडलच्या सळ्या मी काढून फळीवर ठेवल्या होत्या, दादाला न सांगताच. तो खिडकीकडे तोंड करून बसला. सूर दाखवणारा मीटर बघून ऐकणं त्याला पटत नाही. एक छोटी मोटर तिसरी तार एकसारखी छेडत होती. काटा मध्यावर ढिम्म होता. मला नाचावंसं वाटलं.

"पेडल दाबलंस," दादा म्हणाला.

मी काट्याकडे पाहिलं. पेडलच्या ताणाने गिटारचा खोका किंचित वाकतो आणि इतर तारा केसभर उतरतात. सळ्या जोडलेल्या नसतानाही ही तार तशीच उतरली होती.

"सोडलंस."

काटा मध्यावर आला.

मी पंखा बंद केला. टेबलावरचा हात काढला. गिटारचे पाय चाचपून पाहिले, ते सिमेंटच्या जमिनीवर पक्के होते.

"परत दाबलंस. परीक्षा घेतेस होय माझी?"

तो एकदाही चुकला नाही. त्याचा आवाज खुलत गेला. "अगं, कान शाबूत आहे माझा!"

मला भरून आलं. सळ्या फळीवर आहेत हे सांगितलं असतं, तर त्याने पुन्हा कानालाच दोष दिला असता. मी भिंतीपर्यंत मागे सरले.

"आता ही जरा चढव. मला तिसरी तार मीटरपेक्षा चढीच लागते."

स्क्रू फिरू लागला. सावकाश पुढे, मग किंचित मागे, मग पुन्हा पुढे.

"बास."

स्क्रू थांबला.

"गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव. हिला आजच घरी नेतो," दादा खिडकीबाहेर पाहतच म्हणाला. "आणि पंपवाली, हात मस्त बसलाय हं तुझा."

माझे दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात होते. उजव्या मुठीत ॲलन की होती.