माफीच्या खोलीतली ऐकवणी

"माझा अपराध पोटात घालावा, एवढीच विनंती आहे," मी समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हटलं.

"घातला," मागून आवाज आला.

मी दचकून वळले. दारात एक उंच तरुण उभा होता. काखेत वह्यांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल, आणि चेहऱ्यावर असा साळसूद भाव की जणू माफी देणं हे त्याचं रोजचंच काम!

"तुम्ही कोण?"

"लघुलेखक. विधिमंडळातला. आमची खोली वकिलांना दिली, म्हणून आम्हाला खाली पाठवलंय. बारा नंबर कुठे?"

"शेजारी. हा अकरा. दार ठोठवायची पद्धत असते."

"ठोठवणारच होतो. पण तुम्ही इतक्या काकुळतीला आल्या होतात... म्हटलं, आधी माफ करून टाकावं."

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण उशीर झाला होता. त्यानं पाहिलं होतं.

मी दयाअर्ज विभागात काम करते. शिक्षा झालेली माणसं राष्ट्राध्यक्षांकडे माफी मागतात, ते अर्ज आधी आमच्या टेबलावर येतात. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. अर्ज नुसता डोळ्यांनी वाचायचा नाही. दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, आणि मगच टिपण लिहायचं. डोळे ओळी गाळतात, जीभ गाळत नाही, असं आमच्या विभागप्रमुख मोठ्या बाई म्हणतात. अर्जदाराच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते, दिसतो तो फक्त क्रमांक. याला आम्ही ऐकवणी म्हणतो. माझी ऐकणारी मैत्रीण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर गेली होती. म्हणून मी खुर्चीला वाचून दाखवत होते.

"ऐकायला कोणीही चालतं का?" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यानं विचारलं. या वेळी दार ठोठवून.

"शपथ घेतलेला सरकारी माणूस हवा. आणि तोंड बंद ठेवणारा."

"शपथ घेतलीय. तोंडाचं... प्रयत्न करतो."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि होकार दिला. मग तो रोज दुपारी येऊ लागला. मी वाचायची, तो ऐकायचा. ऐकताना त्याची पेन्सिल वहीच्या पुठ्ठ्यावर आपोआप चालायची, लघुलिपीच्या वेड्यावाकड्या खुणा काढत. मी त्याचं नावच पेन्सिल ठेवलं. तो मला माफीवाल्या म्हणायचा. खिडकीबाहेरच्या झाडाची पानं गळायला लागली होती आणि दुपारची उन्हं थेट माझ्या टेबलापर्यंत यायची. ती उन्हं आली की मी घड्याळाकडे बघायची. का, ते मी स्वतःला सांगत नव्हते.

वर सभागृहात मोठं प्रकरण चाललं होतं. राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग होता. त्यांनी विधिमंडळापासून महत्त्वाची कागदपत्रं लपवली, असा आरोप. पेन्सिल सकाळभर तिथली भाषणं उतरवायचा आणि दुपारी माझ्याकडे यायचा.

"गंमत आहे," एकदा तो म्हणाला. "सकाळी मी ज्यांना घालवायच्या गोष्टी लिहितो, दुपारी त्यांच्याच सहीसाठी तुम्ही अर्ज तयार करता. समजा त्यांनी स्वतःलाच माफ करून टाकलं तर?"

"नाही जमत. महाभियोगाला माफी लागू नाही."

"का बुवा?"

"कारण ती शिक्षाच नव्हे. महाभियोगात कोणी तुरुंगात जात नाही. एवढंच सांगतात, की ही खुर्ची तुमची नाही, उठा. खटला चालवायचा तर तो नंतर, वेगळा."

"आणि माफी?"

"माफीनं तुरुंगाचं दार उघडतं. पण गुन्हा घडलाच नव्हता, असं काही होत नाही. तो राहतोच."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "म्हणजे एकीकडे माणसाची खुर्ची जाते, दुसरीकडे माणूस घरी येतो."

"हुशार आहात. लिहून घ्या."

"घेतलं," तो म्हणाला आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. त्या वेळी तो माझ्याकडे असा पाहत होता की मी घाईनं पुढचा अर्ज उघडला.

मतदानाला सहा दिवस उरले. राष्ट्राध्यक्ष दर शुक्रवारी माफीच्या कागदांवर सह्या करत. हा शुक्रवार त्यांचा शेवटचाही ठरू शकला असता. तेव्हा जितके अर्ज सह्यांच्या पेटीत जातील तितके घालायचे, असं मोठ्या बाईंनी सांगितलं होतं. बुधवारी मी एक अर्ज उघडला. फेरीबोट चालवणारा माणूस. दहा वर्षांची शिक्षा, सहा भोगलेली.

मी वाचू लागले. "धुक्यात बोट सोडायची नाही, हा नियम मला ठाऊक होता. पण पलीकडे गाडी पकडायची म्हणून माणसं माझ्यावर ओरडत होती. मला त्यांना नाही म्हणता आलं नाही. एक माणूस बुडाला. दोष माझाच आहे, तो दुसऱ्या कोणाच्या माथी मारायचा नाही. घरी एक मुलगा आहे. तो लघुलिपी शिकत होता तेव्हा मी बोटीवर त्याला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचो, तो उतरवून घ्यायचा. पुन्हा एकदा वाचून दाखवावं, एवढंच मनात आहे."

पेन्सिल थांबली होती.

मी वर पाहिलं. तो खिडकीकडे बघत होता. मग उठला, वही न घेताच दारापर्यंत गेला, परत येऊन वही घेतली आणि निघून गेला. मला वाटलं, अर्जानं गलबलून आलं असेल. मलाही आलं होतं. मी टिपण लिहिलं, खाली "माफीची शिफारस" असं लिहिलं आणि कागद शुक्रवारच्या पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायच्या आधीच तो दाराशी उभा होता.

"तो कालचा अर्ज बाहेर काढा," तो म्हणाला.

"का?"

"ते माझे बाबा आहेत."

माझ्या हातातली किल्ली तशीच राहिली. नियम आम्हा दोघांना पाठ होता. ऐकणारा नातलग निघाला तर ऐकवणी रद्द. अर्ज पुन्हा बंद, दुसऱ्या वाचणाऱ्याकडे आणि रांगेत सगळ्यात शेवटी.

"म्हणजे... तुम्ही रोज यायचात ते यासाठी?" मी विचारलं.

"नाही. त्यांनी अर्ज केलाय हेच मला माहीत नव्हतं. मला सांगायचेच नाहीत ते. मी रोज यायचो ते..." तो थांबला. "ते आज सांगत नाही. आज सांगितलं तर ते अर्जासाठीच वाटेल."

मी खोलीत गेले, पेटीवर हात ठेवला. मी काय केलं ते लपवत नाही. मी म्हटलं, "मी काही ऐकलं नाही. तुम्ही आलाच नाहीत. उद्या सही होईल."

"माफीवाल्या..."

"सहा वर्षं झाली त्यांना! राष्ट्राध्यक्ष गेले तर पुढचा कधी येईल, सह्या कधी सुरू होतील, कोणाला ठाऊक?"

"मलाही तेच वाटलं. काल घरी जाऊन गप्प राहायची तयारी केली. जमली नाही," तो म्हणाला. "उद्या हे बाहेर आलं तर बाबांची माफी खोटी ठरेल आणि तुझी नोकरी जाईल. नाही आलं बाहेर, तरी तुझ्याकडे बघताना मला ते दिसत राहील."

तो पहिल्यांदाच मला तू म्हणाला होता. इतक्या वाईट सकाळी.

आम्ही दोघं मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, अर्ज लिफाफ्यात घालून लाख लावली आणि म्हणाल्या, "निर्णय लागेपर्यंत तुम्ही दोघांनी भेटायचं नाही. कॉरिडॉरमध्येसुद्धा नाही. कळलं?" मग थोड्या मऊ आवाजात माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अशी माणसं वाटेवर पडलेली नसतात गं."

महाभियोग मंजूर झाला. राष्ट्राध्यक्ष स्वतःची बॅग स्वतः उचलून मागच्या दारानं निघून गेले. कोणी त्यांना अडवलं नाही, कोणी बेड्या घातल्या नाहीत. लघुलेखक वर आपल्या खोलीत परत गेले. बारा नंबर रिकामा झाला. माझी मैत्रीण गुडघा बरा करून आली आणि मी तिला वाचून दाखवू लागले. दुपारची उन्हं टेबलावर यायची, आणि मी पडदा ओढून घ्यायची.

पाच महिने. नव्या राष्ट्राध्यक्ष बाई आल्या, सह्या सुरू झाल्या, आणि एका सोमवारी मोठ्या बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "फेरीबोटवाल्यांच्या माफीवर सही झाली, आज सुटतायत ते. तुला आज सुट्टी हवी असेल, नाही का?"

तुरुंगाच्या फाटकाशी तो आधीच उभा होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्यासाठी मी आणखी पाच महिने थांबले असते.

"आता सांगू?" त्यानं विचारलं.

"आधी बाबा," मी म्हटलं.

फाटक उघडलं. हातात एक कापडी पिशवी घेतलेला, पांढऱ्या केसांचा माणूस बाहेर आला. मुलानं वाकून नमस्कार केला, आणि उठायच्या आतच बोलून टाकलं, "बाबा, तुमच्या सुटकेला उशीर माझ्यामुळे झाला. मी गप्प राहिलो असतो तर..."

"कळवलं होतं मला विभागानं," म्हातारा म्हणाला. त्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "पत्र वाचलं त्या दिवशी मी नीट जेवलो, सहा वर्षांत पहिल्यांदा. मला ज्या दिवशी 'नाही' म्हणता आलं नाही, त्या दिवशी एका घरातला माणूस गेला रे. तुला 'नाही' म्हणता आलं."

मुलाचे डोळे वाहू लागले.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "आणि ही कोण?"

तो चाचरला. "ही... बाबा, ही... म्हणजे..."

"माझं यांच्यावर प्रेम आहे," मी म्हटलं. "यांना अजून सांगितलं नाही, आत्ताच सांगतेय."