मागून निघालेलं ‘थांब’

माझ्या धाकट्या मुलाचं, ओंकारचं लग्न ठरलं आणि लगेच वर्षभर पुढं ढकललं, ते साल २०६१. थोरला हणमंत तेव्हा चंद्रावर कामाला होता, आणि दादाशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही असं ओंकारनं सांगून टाकलं होतं.

मग त्या मधल्या वर्षात काय करायचं? आम्ही दगडाच्या खाणीतली माणसं. आमची सोयरी-धायरी नगरपासून बागलकोटपर्यंत, जिथं फोडायला दगड आहे तिथं पसरलेली. सगळ्यांना भेटून यायचं ठरलं. ओंकारनं एक घरगाडी (जिच्यात चूल, बिछाने, न्हाणी सगळं असतं अशी मोठी मोटार) भाड्यानं आणली. तो स्वतः, मी, हणमंताची बायको तेजस्विनी आणि त्यांची नऊ वर्षांची कृत्तिका असे आम्ही चौघं निघालो.

तेजस्विनीची नोकरी गाडीतूनच चालायची. ती दूरचालक (लांब बसून यंत्र चालवणारी) होती. गाडीच्या मागच्या भागात पडद्याआड तिची खुर्ची, समोर चित्राचा पडदा आणि हाताशी दोन दांडे. ते दांडे हलवले की चंद्रावरचा ब्रेकर हलायचा. ब्रेकर म्हणजे दगड फोडणारा लोखंडी हात. ती कामाला बसली की गाडी उभी करावी लागे, कारण खड्ड्यात तिचा हात हलला तर तिकडं भलताच दगड फुटायचा.

“वहिनी, तुझ्या चंद्रापायी माझ्या गाडीची पार गोगलगाय झाली,” ओंकार म्हणायचा.

“गोगलगाय बरी. तुझ्या हातात गाडी दिली की माझी भाजी छताला चिकटते,” ती आतून उत्तर द्यायची.

एके दिवशी हणमंताशी बोलून झाल्यावर कृत्तिका तोंड पाडून माझ्याजवळ आली.

“आज्जी, बाबा माझ्यावर रुसलेत का गं? मी काही विचारलं की आधी गप्प बसतात, नुसते बघत राहतात. मी दुसरं काहीतरी बोलायला लागले की मग पहिल्याचं उत्तर देतात.”

“तुझा बाप लहानपणापासून ट्यूबलाइट आहे,” ओंकार म्हणाला.

“ट्यूबलाइट म्हणजे?”

“जुन्या काळातला दिवा. बटण दाबल्यावर विचार करून पेटायचा.”

कृत्तिका हसली नाही. तेव्हा तेजस्विनीनं तिला मांडीवर घेतलं.

“हे बघ कित्तू. त्या समोरच्या खाणीत माणूस घण घालतोय. तुला घण पडताना आधी दिसतो आणि ठण्ण आवाज मागून येतो. येतो ना? आवाजाला तिथून इथवर यायला वेळ लागतो. उजेड त्याच्याहून कितीतरी भरभर येतो, म्हणून चित्र आधी पोचतं. पण उजेडालाही वेळ लागतोच. एका सेकंदात तो तीन लाख किलोमीटर जातो. चंद्र जवळजवळ चार लाख किलोमीटरवर आहे. आपलं बोलणं रेडिओलहरींवरून (डोळ्यांना न दिसणारा एक प्रकारचा उजेडच) जातं. त्याला जायला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि यायला तेवढाच. तुझा प्रश्न वाटेत असतो तेव्हा बाबांनी तो ऐकलेलाच नसतो. मग ते बोलतील काय?”

“म्हणजे रुसले नाहीत?”

“रुसले नाहीत. लांब आहेत.”

आता आमच्या कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खाणीत एकजण छिन्नी धरतो आणि दुसरा घण मारतो. छिन्नी धरणारा “हां” म्हणेल तेव्हाच घण पडायचा. त्यानं “थांब” म्हटलं तर उचललेला घणही हवेतच थांबायचा. हणमंत आणि तेजस्विनी दोघंही खाणीतच वाढले. ही रीत त्यांना चालण्याआधी आली होती.

चंद्राच्या पोटात लांबलचक पोकळ बोगदे आहेत. फार पूर्वी तिथून तापलेला लाव्हारस वाहून गेला, त्या या वाटा. दगड आपल्याकडच्यासारखाच काळा. माणसांना राहता यावं म्हणून एक बोगदा रुंद करायचं काम चाललं होतं. चंद्रावर माणूस ठेवायचा तर त्याची हवा-पाणीही न्यावं लागतं, म्हणून चालक पृथ्वीवर बसत आणि तिकडं थोडीच माणसं असत. हणमंत दगडाची नस (ज्या रेघेवर तो फुटतो ती) बघून सांगायचा, तेजस्विनी ब्रेकर मारायची. कंपनीचा नियम होता की एक घाव घालायचा, चित्र परत येईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. ही दोघं मात्र चित्राची वाट न बघता आपल्या रीतीनं “हां”वर काम करायची. तो “हां” आधीच सोडायचा आणि बाजूला उभा राहून घावाची वाट बघायचा. काम दुप्पट व्हायचं. कंपनीतले साहेब कौतुक करायचे. नियमाची आठवण कोणी करून दिली नाही.

त्या सकाळी गाडी आलमट्टीच्या पाण्याकाठी उभी होती. मी भाकरी थापत होते. पडद्याआडून नेहमीसारखा हणमंताचा आवाज येत होता. “हां.” मग थोड्या वेळानं “हां.” मग “हां”, आणि त्याच्या पाठोपाठ “थांब!”

तेजस्विनी किंचाळली. मी पीठभरल्या हातानं आत गेले. तिचे दोन्ही हात दांड्यांवरून उचललेले होते, आणि पडद्यावर ब्रेकरचा हात खाली येत होता.

नंतर कळलं ते असं. “हां” म्हटल्यावर हणमंताला दिसलं की एक दगड घसरून ब्रेकरखाली अडकतोय. तो “थांब” म्हणाला आणि दगड ओढायला आत वाकला. इथं, आमच्या खाणीत, एवढं पुरलं असतं. चंद्र निर्वात (जिथं हवाच नाही असा) आहे, त्यामुळे यंत्र हलल्याचा आवाजही त्याला आला नाही.

आमची गाडी तिथंच राहिली. ओंकार पाणी आणायचा, मी चूल पेटवायची. तेजस्विनी जेवत नव्हती. ती एकच बोलायची, “मी हात उचलला होता, आत्या. तरी तो खाली आला. म्हणजे मीच मारलं. मी उचलला असं मला नुसतं वाटलं.”

माझं लेकरू गेलं होतं.

एका सकाळी कृत्तिकेनं आईला हात धरून बाहेर आणलं आणि गाडीला टेकवून उभं केलं. “तू पृथ्वीवर. ते बाभळीचं झाड चंद्र. काका, तू ‘हां’वरचा घाव. आज्जी, तू ‘थांब’. मी चित्र, मी झाडापाशी थांबते. दोघांनी सारखंच चालायचं, पळायचं नाही. आई, तू ‘हां’ ऐकलंस आणि दांडा दाबलास. काका, निघ.”

ओंकार निघाला.

“आता तू ‘थांब’ ऐकलंस. हात उचल, आई. आज्जी, तू निघ. काकाला गाठ.”

“कशी गाठू? सारखंच चालायचं म्हणतेस ना?”

“तेच तर! उजेडाच्या पुढं कोणी पळू शकत नाही. मागून निघालेला उजेड पुढच्याला गाठत नाही.”

ओंकार झाडापाशी पोचला. मी अजून वाटेतच होते. तो पोचताच कृत्तिका आमच्या बाजूनं उलट दिशेला चालत आईपाशी आली.

“मी चित्र. ब्रेकर खाली आला हे सांगायला मी आत्ता आले. आई, तुझा हात कुठं आहे?”

तेजस्विनीनं आपल्या हाताकडं बघितलं. तो वरच होता.

“तू थांबली होतीस,” कृत्तिका म्हणाली. “तुझं थांबणं रस्त्यात होतं.”

तेजस्विनी खाली बसली आणि अपघातानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडली. दुपारी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. खाता खाता विचारलं, “मग थांबवायचं कुणी?”

“जो तिथं असेल त्यानं,” कृत्तिका म्हणाली. “ब्रेकरलाच डोळे दिले तर?”

तेजस्विनीनं अपघाताच्या चौकशीत हेच मांडलं. रीत आपली होती, नियम आपण मोडला, हेही तिनं लपवलं नाही. आता तसल्या यंत्रांना स्थानिक निर्णय (लांबच्या हुकमाची वाट न बघता जागच्या जागी थांबायची अक्कल) असतो. घावाच्या टप्प्यात माणूस दिसला की ती पृथ्वीवरचा हुकूम मोडतात. कृत्तिका आज मंगळासाठी अशी यंत्रं बनवते. तिथं शब्द पोचायला कधी तीन मिनिटं लागतात, तर कधी वीसच्या वर. तिथं जाणाऱ्या माणसांना त्यांचं यंत्र स्वतः सांभाळेल.

माझा थोरला मुलगा हणमंत यल्लप्पा धोत्रे ९ जानेवारी २०६२ रोजी सकाळी चंद्रावर काम करताना वारला. तो चौतीस वर्षांचा होता.