करंगळीचं गुपित

माझी मैत्रीण त्या आठवड्यात रजेवर गेली नसती, तर त्याची फाईल माझ्या टेबलावर आलीच नसती. मी रुग्णालयात मोडलेल्या, शिवलेल्या हातांचे व्यायाम घेते. फाईलवर लिहिलं होतं – डावी करंगळी गाडीच्या दारात सापडली, शिरेला टाके. आणि व्यवसायाच्या रकान्यात – जादूगार.

मी वर पाहिलं. इस्त्री नसलेला शर्ट, जरा पुढे आलेले कान, आणि बघताना मान किंचित तिरकी करायची सवय... जादूगारासारखा तो मुळीच दिसत नव्हता. या बोटाचं तुमच्या कामात नेमकं काय काम असतं, असं मी नेहमीप्रमाणे विचारलं.

"ते सांगता येणार नाही," तो म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याने खरंच गुरूंना शब्द दिला होता, बाहेरच्या कुणालाही युक्ती सांगायची नाही. मी म्हटलं, सुतार असो की वादक, काम कळल्याशिवाय बोट कुठे आणि किती वळवायचं ते मी ठरवू कशी? त्यावर त्याने अगदी नम्रपणे सुचवलं, की पूर्वी वळायचं तितकं वळवा.

माझा चेहरा बघूनच बहुधा, त्याने खिशातून पत्त्यांचा कॅट काढला. मी एक पान ओढलं – चौकट अठ्ठी – आणि ते मधोमध खुपसलं. लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची, असं त्याने मध्येच विचारलं. मी काहीतरी सांगितलं. आता तुमचं पान सगळ्यात वर, असं म्हणत त्याने वरचं पान उलटलं. इस्पिक गुलाम.

तो गुलामाकडे बघत राहिला. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं, पण त्याने मुकाट्याने कॅट आवरला. दीड महिन्यावर प्रयोग होता. गुरूंच्या जागी तो पहिल्यांदाच उभा राहणार होता.

त्या संध्याकाळी मी कॅट विकत आणला आणि आरशासमोर बसले. मधलं पान वर येतं कसं? रोज पानं जमिनीवर, रोज मी गुडघ्यांवर. आईने दोनदा दारातून डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणाली, की एवढी चिकाटी शाळेत दाखवली असतीस तर बाईंनी मला इतक्या वेळा बोलावलं नसतं.

पानांवर खुणा असतील म्हणून मी त्याचा कॅट मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात एकेक पान तपासलं. तो मजेत बघत होता.

"सापडलं काही?"

"सापडेल."

"घाई नको... मला अजून बारा वेळा यायचंय."

मी कारण नसताना खुर्ची सरळ केली.

उत्तर तिसऱ्या आठवड्यात सापडलं, ते पत्त्यांत नाही, त्याच्या बोटात. व्रणाला मालिश करताना करंगळीच्या टोकाशी, आतल्या बाजूला तिळाएवढा घट्टा लागला – पातळ काहीतरी वर्षानुवर्षं तिथे टेकल्यासारखा. घरी येऊन मी पान मध्ये सरकवलं आणि त्याच्या वर करंगळीचं टोक हळूच अडकवलं. समोरून कॅट अखंड, मागे केसाएवढी फट! पिसण्याच्या मिषाने फटीच्या वरची पानं उचलून खाली घातली, की हवं ते पान आपोआप सगळ्यात वर.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर मी धडपडत तेच केलं.

"मी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"नाही. तुमच्या बोटाने सांगितलं."

मग व्यायामाला दिशा मिळाली. बोटाखाली आधी जाड पुठ्ठा, मग पातळ, मग नुसतं एक पान. करंगळी शहाण्यासारखी वळू लागली. दर वेळी तो युक्ती करून बघायचा आणि मध्येच मला काही ना काही विचारायचा.

एकच कोडं उरलं होतं. फट करतानाचा क्षण कुणालाच कसा दिसत नाही? विचार करता करता मला कळलं, की नेमक्या त्याच क्षणी तो काहीतरी विचारतो. उत्तर देणारा माणूस डोळ्यांकडे बघतो, हाताकडे नाही. कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मी कॅट आवरून कपाटात टाकला. महिनाभर त्याने मला इतकं काही विचारलं होतं... ते सगळं फक्त माझी नजर हलवायला?

मैत्रीण केव्हाच परतली होती. मी त्याची फाईल तिच्याकडे सोपवून टाकली. तो सरळ माझ्या टेबलाशी आला आणि काय चुकलं म्हणून विचारू लागला.

"ते प्रश्न युक्तीचाच भाग होते ना?" मी म्हटलं.

"हो. प्रश्न युक्तीचे होते. उत्तरं... ती ऐकावी लागत नाहीत. शेकडो लोकांना विचारलंय. एकाचंही आठवत नाही."

मग मान तिरकी न करता तो एकेक सांगू लागला. लहानपणी मला पाण्याच्या टाकीच्या आवाजाची भीती वाटायची. दादाच्या सायकलवरून पडले तेव्हा लागलं म्हणून नाही, सायकल वाकली म्हणून रडले. लिंबाचा वास आवडतो, सरबत नाही. बाबांचं घड्याळ बंद पडलंय, तरी माझ्या मनगटावरून निघत नाही. हे कधी सांगितलं, ते माझं मलाही आठवत नव्हतं.

मी मैत्रिणीकडे जाऊन फाईल परत मागितली. तिने काही न विचारता दिली, नुसत्या भुवया उंचावल्या.

प्रयोगाला मी आईला घेऊन गेले. गुरू पहिल्या रांगेत होते. अख्खं सभागृह त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतं, मी एकटी श्वास रोखून करंगळीकडे. ती फटीतून ढळली नाही. पान वर आलं, आणि गुरूंनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

बाहेर आल्यावर आईने त्याला गाठलं. ते पान वर आलं कसं?

"बाहेरच्यांना सांगता येत नाही," तो ओशाळून म्हणाला.

"आणि घरच्यांना?"

तो माझ्याकडे बघायला लागला. कान लाल झाले होते.

"घरच्यांना चालेल... पण आधी मला घरचं व्हावं लागेल."

"हो की मग," मी म्हटलं. "कोण नाही म्हणतंय तुला?"

बोलून गेल्यावर लक्षात आलं – मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं, तेही आईसमोर.