सहा तासांचं पाणी

चावी फिरत होती. फिरतच होती – गोल, निवांत, कशाशी काही देणंघेणं नसल्यासारखी. डिकी मात्र ढिम्म.

अकरा वाजले होते. डिकीत आइसबॉक्स होता आणि त्यात तळ्याच्या पाण्याने भरलेल्या बारा काचेच्या बाटल्या. साडेसहाला भरलेलं हे पाणी साडेबाराच्या आत प्रयोगशाळेत गाळायला घ्यायला हवं होतं. उशीर झाला की त्यातलं सूक्ष्म शेवाळ मरू लागतं आणि मोजमापाला अर्थ उरत नाही. दर महिन्याला एकदा, असं वर्षभर करायचं होतं. हा अकरावा महिना. हा चुकला तर मागचे दहाही वाया. तळ्यावरच्या नोंदी उरकून निघायलाच आज साडेआठ झाले, त्यात वाटेत जास्तीचा बर्फ घ्यायला थांबले, तर ही तऱ्हा! बर्फाची पिशवी माझ्या चपलांवर ठिबकत होती.

समोरच चाव्या-कुलपांचं दुकान होतं. काउंटरवर पांढऱ्या केसांच्या एक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून त्यांनी आत हाक मारली, "सावकाश! अरे सावकाश, बाहेर ये. गिऱ्हाईक घाईत आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "माझा भाचा. मी याची आत्या. खरं नाव वेगळंय, पण हेच शोभतं."

का शोभतं ते लगेच कळलं. तो आला, हात पुसले, चष्मा पुसला, डिकीभोवती एक चक्कर मारली. चावी घातली, डोळे मिटले आणि कुलपाला कान लावला.

"ते काही बोलणार आहे का?" मी विचारलं.

"बोललं," तो म्हणाला. "मागचा दांडा तुटलाय. आतून उघडायचा खटका?"

"वर्षापूर्वीच गेला."

"आत काय आहे?"

"काचेच्या बाटल्या. पहारीने उघडा ना! डिकी गेली खड्ड्यात."

"बाटल्याही जातील." त्याने चावी बाहेर काढून नाकाशी नेली. "यात काय घातलंय हो तुम्ही?"

"काही नाही," मी म्हणाले. फार पटकन म्हणाले.

त्याने मागच्या सीटची पाठ काढायला घेतली. चार बोल्ट. प्रत्येक बोल्ट काढून तो रुमालावर ओळीने ठेवत होता.

"अहो, ओळीत कशाला? टाका कुठेही!"

"मग बसवताना शोधत बसू."

"आत्या, हे नेहमी असेच असतात का?"

"आज त्याचा वेग जरा जास्तच आहे," आत्या विणकामातून मान न उचलता म्हणाल्या.

पाठ निघाली. मागे पत्र्याची चौकट आणि तिच्यात जेमतेम एक फट. त्याने फटीकडे पाहिलं, स्वतःच्या खांद्यांकडे पाहिलं, आणि मग... माझ्याकडे.

"नाही," मी म्हणाले.

अकरा बावीसला मी डिकीत होते. टॉर्च दातात, कोपर आइसबॉक्सवर, नाकात रबराचा वास. बाहेरून, पत्र्यापलीकडून, त्याचा आवाज आला, "कुलपामागे एक सळई दिसते का?"

"लोंबतेय."

"तिच्याखाली आकडा असेल. स्क्रूड्रायव्हरने उजवीकडे ढकला."

"तुमच्या उजवीकडे की माझ्या?"

बाहेर तो विचार करत होता. आत्ता!

"थांबा," तो म्हणाला, आणि पत्र्यावर बोटाने हलकेच टकटक केलं. "इथे. या बाजूला."

मी आतून त्याच जागी टकटक केलं. त्याने पुन्हा केलं. खरं तर एकदा पुरे होतं. तरी मीही पुन्हा केलं... अंधारात माणूस काय वाटेल ते करतो.

"ऐका," मी टॉर्च दातातून काढून पत्र्याला म्हणाले. तोंड दिसत नसलं की कबुली सोपी जाते. "कुलूप जड चालत होतं म्हणून मी त्यात प्रयोगशाळेतलं ग्रीस घातलं. काचेचे सांधे हवाबंद करायचं. धूळ बसून ते चिकट झालं, आणि मग मी चावी जोर लावून फिरवली."

"छान काम केलंत," पत्रा म्हणाला. तो हसत होता! "अहो, असं घट्ट बसवलेलं कुलूप मी जन्मात पाहिलं नव्हतं."

रागाच्या भरात टॉर्च पुन्हा दातात धरून मी आकडा ढकलला. खट्! झाकण उघडलं. डोळ्यांत भसकन ऊन आलं, आणि त्या उन्हात त्याचा चेहरा – फारच जवळ. मी टॉर्च दातात धरूनच "थँक्यू" म्हणाले. त्याने टॉर्च अलगद काढून घेतला.

अकरा एक्केचाळीस. आता झाकण मिटेना.

"दोरीने बांधा," मी म्हणाले.

"बांधून टिकणार नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "कोणीतरी धरून बसायला हवं."

आत्यांच्या सुया क्षणभर थांबल्या.

तो मागे बसला, पाठ नसलेल्या सीटवर. एका हातात फटीतून ओढून घेतलेली झाकणाची दोरी, दुसरा हात आइसबॉक्सवर. प्रत्येक सिग्नलला मी आरशात पाहायची – दोरीकडे. दर वेळी तो आधीच आरशात पाहत असायचा.

"हात दुखतोय का?"

"नाही."

"मग असं काय बघताय?"

"पुढे हिरवा लागलाय," तो म्हणाला.

बारा एकवीसला पहिली बाटली गाळायच्या पंपावर चढली. बाराव्या बाटलीपर्यंत मी दुसरा कुठलाच विचार केला नाही. निदान, फारसा केला नाही.

दीड तासाने बाहेर आले. तो गेला असेल असं वाटलं होतं. पण तो गाडीमागे वर्तमानपत्र पसरून बसला होता. कुलूप सुटं करून त्याचे भाग ओळीने मांडलेले. डिकी बंद होती. दोरीने, साध्या दोन गाठींत.

मी गाठी पाहिल्या. ओढून पाहिल्या. पक्क्या होत्या.

"टिकतेय की."

"हो."

"किती वेळ लागला बांधायला?"

त्याने ग्रीस पुसणं थांबवलं नाही. कान मात्र लाल झाले. "अर्धं मिनिट."

"मग अर्धा तास हात अवघडून का बसलात?"

"आरशात... दिसत होतात म्हणून."

मी घड्याळाकडे पाहिलं. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"पुढच्या महिन्यात शेवटचं पाणी भरायचंय," मी शेवटी वैतागूनच म्हणाले. "पहाटे चारला निघावं लागतं. एक मिनिटही उशीर चालत नाही. सावकाश माणसाचं काम नाही ते."

त्याने एक स्क्रू उचलला, पुसला, ओळीत ठेवला.

"मी तीनला येऊन बसेन," तो म्हणाला. या वेळी मात्र एका क्षणाचाही विचार न करता.